हुद्दा, पलटण आणि नाव : सैन्यसेवेची नोंद नेमक्या शब्दांत

महाराष्ट्रात असे गाव विरळाच, जिथल्या एखाद्या घरातले कोणी ना कोणी ‘मिलिटरीत’ नाही. हा एक शब्द आपल्या बोलण्यात किती जणांना सामावून घेतो! हिमालयातल्या चौकीवर पहारा देणारा पायदळाचा शिपाई, युद्धनौकेवरचा नौसैनिक, लोहगावच्या हवाई तळावर विमानांची निगा राखणारा तंत्रज्ञ, केंद्रीय राखीव पोलीस दलाचा जवान, राज्य राखीव पोलीस दलाचा शिपाई, एवढेच काय, देहूरोड किंवा वरणगावच्या दारूगोळा कारखान्यातला कामगारही गावाच्या लेखी ‘मिलिटरीवाला’च असतो. घरगुती बोलण्यात त्याने काही बिघडत नाही. परंतु शाळेच्या प्रवेशनोंदवहीत, शिष्यवृत्तीच्या अर्जात, विहारासमोरच्या स्मृतिफलकावर किंवा अशा एखाद्या स्मरणिकेत जेव्हा हीच माणसे शब्दबद्ध होतात, तेव्हा सैल शब्द पुरत नाही. तिथे जे लिहिले जाईल तेच पुढच्या पिढीला खरे वाटणार असते.

सैन्यात असलेल्या व सैन्यातून परतलेल्या माणसांविषयी लिहिताना कोणता शब्द कुठे वापरावा, याचा विचार या लेखात केला आहे. हा विषय कोणाला शब्दच्छलाचा वाटेल. पण आपल्या समाजाच्या इतिहासात सैन्यसेवेच्या अचूक नोंदीने काय काम केले आहे हे पाहिले, म्हणजे या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येते.

आपल्या इतिहासात नोंदीचे मोल

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात महार शिपाई शतकाहून अधिक काळ सेवा करीत होते. १८९२-९३ च्या सुमारास ‘लढवय्या जातीं’च्या तथाकथित सिद्धान्ताचा आधार घेऊन सरकारने त्यांची भरती थांबविली. ज्या एका मार्गाने गावकुसाबाहेरच्या माणसाला पगार, शिक्षण आणि मान मिळत होता, तोच बंद झाला. याविरुद्ध पहिला आवाज उठविला तो निवृत्त सैनिकांनी. कोकणात दापोलीच्या परिसरात असे अनेक पेन्शनर स्थायिक झाले होते. ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका १८८८ मध्ये लिहिणारे गोपाळबाबा वलंगकर हे त्यांच्यापैकीच एक. भरती पुन्हा सुरू व्हावी यासाठी त्यांनी अर्ज तयार केला. पुढे १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. या अर्जांचा मुख्य आधार होता पूर्वजांच्या सैन्यसेवेचा. पलटणींचे दप्तर सरकारजवळच होते. भरती बंद करता आली, तरी झालेली सेवा नाकारणे कोणालाही शक्य नव्हते, कारण ती हुद्द्यासह आणि पलटणीसह लिहिलेली होती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी मालोजी सकपाळ यांना आपण आदराने ‘सुभेदार रामजी’ म्हणतो. या शब्दाचा अर्थ मात्र आजच्या विद्यार्थ्याला नीट सांगावा लागतो. मोगल किंवा मराठा काळातला सुभेदार म्हणजे एका सुभ्याचा, प्रांताचा कारभारी. ब्रिटिश हिंदी सैन्यातला सुभेदार हा मात्र पायदळातला एक हुद्दा होता. त्या काळी हिंदी माणसाला पायदळात सुभेदार-मेजरच्या वर चढता येत नसे. त्यापुढचे सारे हुद्दे गोऱ्यांसाठी राखीव होते. म्हणून रामजींना ‘प्रांताचे सुभेदार’ समजणे जसे चुकीचे, तसे ‘साधे शिपाई’ म्हणणेही चुकीचे. साध्या शिपायाच्या जागेवरून सुरुवात करणाऱ्या आणि वर्णाची भिंत माथ्यावर असलेल्या व्यवस्थेत त्यांनी गाठलेली ती उंची होती. ‘सुभेदार’ हा शब्द नेमका समजला तरच ती भिंतही दिसते आणि ती उंचीही.

दुसरे उदाहरण कोरेगावचे. १ जानेवारी १८१८ रोजी भीमा नदीकाठी झालेल्या लढाईचा उल्लेख करताना ‘महार रेजिमेंटने लढलेली लढाई’ असे अनेकदा लिहिले जाते. वस्तुतः त्या वेळी महार रेजिमेंट अस्तित्वात नव्हती. कॅप्टन स्टॉन्टनच्या हाताखाली होती ती ‘बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्री’च्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन, तिच्याबरोबर घोडदळ आणि मद्रासच्या तोफखान्याची तुकडी. या बटालियनमध्ये महार शिपाई मोठ्या संख्येने होते आणि विजयस्तंभावर कोरलेल्या नावांत ‘नाक’ हा प्रत्यय असलेली त्यांची नावे आजही वाचता येतात. बाबासाहेबांनी १ जानेवारी १९२७ रोजी त्या स्तंभाला भेट दिली ती या पुराव्याचे महत्त्व ओळखूनच. नेमके लिहिल्याने त्या शिपायांचा पराक्रम तसूभरही कमी होत नाही. उलट चुकीचे लिहिले की वाद घालणाऱ्याच्या हाती आपण होऊन कोलीत मिळते. रेजिमेंटचे नाव खोटे ठरविता ठरविता तो शिपायांचे अस्तित्वही खोटे ठरवू पाहतो.

महारांची स्वतंत्र पलटण प्रथम उभी राहिली ती पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, ‘१११ महार’ या नावाने. ती १९२१ मध्ये मोडण्यात आली. आजची महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे स्थापन झाली. तिचे केंद्र आता मध्य प्रदेशातील सागर येथे आहे. येथे आणखी एक गल्लत टाळावयास हवी. महार रेजिमेंटमध्ये आज देशभरातले, सर्व समाजांतले सैनिक असतात. श्रीलंकेत १९८७ मध्ये प्राणार्पण करून मरणोत्तर परमवीरचक्राचे मानकरी ठरलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन हे आठव्या महार बटालियनचे होते. पुढे लष्करप्रमुख झालेले जनरल के. व्ही. कृष्णराव आणि जनरल के. सुंदरजी हेही याच रेजिमेंटचे. तेव्हा ‘महार रेजिमेंट’ हे पलटणीचे नाव आहे. त्यावरून सैनिकाची जात ठरवू नये. तसेच आपल्या समाजातले कितीतरी सैनिक तोफखान्यात, अभियंता दलात, सिग्नल्समध्ये, नौदलात आणि वायुदलात आहेत. त्यांना सरसकट महार रेजिमेंटमध्ये बसवू नये.

‘सैनिक’ कोणाला म्हणावे?

‘सैनिक’ हा शब्द मराठीत फार उदार आहे. स्वातंत्र्यलढ्यात भाग घेणारा स्वातंत्र्यसैनिक, समता सैनिक दलाचा स्वयंसेवक, चळवळीत स्वतःला झोकून देणारा भीमसैनिक, हे सारे आपल्या परीने सैनिकच आणि त्या नावाचा त्यांना अभिमानही आहे. परंतु यामुळेच एखाद्या परिचयात नुसते ‘ते सैनिक होते’ असे लिहिले तर वाचकाला काहीच कळत नाही. तिथे ‘भारतीय भूदलात’, ‘नौदलात’ किंवा ‘वायुदलात’ असे दलाचे नाव घालावे.

‘लष्कर’ या शब्दाबाबतही सावध राहावे. मराठीत तो बहुधा भूदलासाठी वापरला जातो. पुण्यात तर ‘लष्कर’ म्हणजे कॅम्पाचा भाग. नौदल आणि वायुदल यांचाही समावेश करायचा असेल तेव्हा ‘सैन्यदले’ किंवा ‘सशस्त्र सेना’ म्हणावे. दरवर्षी ७ डिसेंबरला जो ध्वजदिन पाळला जातो, तो ‘सशस्त्र सेना ध्वजदिन’ होय. तो तिन्ही दलांचा आहे.

नौदलातल्या माणसाला ‘खलाशी’ म्हणू नये. खलाशी हा मालवाहू जहाजावरचा किंवा मच्छीमार नौकेवरचा कामगार. नौदलातला तो नौसैनिक. कोकणातले अनेक तरुण मर्चंट नेव्हीत जातात. ती कष्टाची आणि धोक्याची नोकरी आहे, पण ती व्यापारी जहाजावरची नोकरी आहे, नौदलाची सेवा नव्हे. वायुदलातल्या प्रत्येकाला ‘वैमानिक’ म्हणणे ही अशीच एक प्रचलित चूक. विमान उडविणारे थोडे असतात. विमान उडण्याजोगे ठेवणारे, रडार आणि दळणवळण सांभाळणारे पुष्कळ असतात. ते सर्व वायुसैनिक होत.

सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल, भारत-तिबेट सीमा पोलीस, सशस्त्र सीमा बल आणि केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल ही गृहमंत्रालयाच्या अखत्यारीतील दले आहेत. वर्तमानपत्रे त्यांना ‘निमलष्करी दले’ म्हणतात. त्यांचे अधिकृत सामूहिक नाव मात्र ‘केंद्रीय सशस्त्र पोलीस दले’ असे आहे. त्यांच्या जवानांचा त्याग कोणत्याही सैनिकापेक्षा उणा नाही. गडचिरोलीत काय, छत्तीसगडमध्ये काय, त्यांनी रक्त सांडले आहे. पण त्यांची सेवा वेगळ्या कायद्याखाली, वेगळ्या मंत्रालयाकडे आणि वेगळ्या निवृत्तिनियमांनुसार चालते. त्यांचा परिचय देताना दलाचे नाव स्पष्ट लिहावे. त्यांना ‘आर्मीत’ म्हटल्याने त्यांच्या स्वतःच्या दलाचे श्रेय हिरावले जाते. तटरक्षक दल संरक्षण मंत्रालयाकडे असले तरी ते नौदलाहून स्वतंत्र दल आहे, हेही ध्यानात ठेवावे.

दारूगोळा कारखाने, लष्करी भांडारे आणि छावण्यांची कार्यालये यांत काम करणारे हजारो लोक संरक्षण क्षेत्रातले नागरी कर्मचारी आहेत. खडकी, अंबरनाथ, भुसावळ, भंडारा या भागांतली आपली कितीतरी कुटुंबे या कारखान्यांच्या वेतनावर उभी राहिली आणि मुलांना शिकवू शकली. ती आठवण ‘संरक्षण कारखान्यातील कामगार’ या शब्दांतच लिहावी. कामगाराला सैनिक म्हणून मोठे करण्याची गरज नाही, तो कामगार म्हणून मोठाच आहे. राष्ट्रीय छात्रसेनेचा विद्यार्थी ‘छात्र’ किंवा ‘कॅडेट’ असतो आणि सैनिकी शाळेतला मुलगा विद्यार्थी असतो. दोघेही अजून सैनिक झालेले नसतात.

शिपाई, जवान आणि अधिकारी

भूदलातला पहिला हुद्दा ‘शिपाई’. मराठीत हाच शब्द पोलीस शिपायालाही लागतो आणि कार्यालयातल्या चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्यालाही. त्यामुळे शाळेच्या नोंदवहीत ‘वडिलांचा व्यवसाय : शिपाई’ एवढेच लिहिले तर तीन वेगवेगळी आयुष्ये एकाच रकान्यात हरवतात. तिन्ही आयुष्ये सारख्याच सन्मानाची आहेत. म्हणूनच तिन्ही वेगवेगळी ओळखू यावीत. ‘शिपाई, भारतीय भूदल’ असे लिहिण्यास एक ओळही जास्त लागत नाही.

शिवाय प्रत्येक पलटणीत त्याला शिपाईच म्हणतात असेही नाही. तोफखान्यात तो गनर, अभियंता दलात सॅपर, सिग्नल्समध्ये सिग्नलमन, रणगाडा दलात सोवार आणि रायफल रेजिमेंटांत रायफलमन असतो. हुद्द्याची पायरी तीच, परंतु नावात पलटणीची परंपरा असते. एखादे आजोबा ‘मी सॅपर होतो’ असे अभिमानाने सांगत असतील तर त्यांना शिपाई लिहू नये.

शिपायाच्या वर लान्स नाईक, नाईक आणि हवालदार. रणगाडा दलात हवालदाराच्या जागी दफेदार. त्यांच्यावर कनिष्ठ आयुक्त अधिकाऱ्यांची, म्हणजे बोलीभाषेत ‘जेसीओं’ची श्रेणी : नायब सुभेदार, सुभेदार आणि सुभेदार मेजर. त्याहून वरची श्रेणी आयुक्त अधिकाऱ्यांची. ती लेफ्टनंटपासून सुरू होते आणि कॅप्टन, मेजर, लेफ्टनंट कर्नल, कर्नल, ब्रिगेडियर अशी चढत जनरलपर्यंत जाते. बहुतेक जेसीओ शिपायाच्या जागेवरून दोन-अडीच दशकांच्या सेवेने तिथवर पोहोचलेले असतात. म्हणून सुभेदाराला ‘ऑफिसर’ म्हणून फुगविण्याची आवश्यकता नाही आणि ‘जवान’ म्हणून उतरविण्याचीही नाही. ‘सुभेदार’ हा शब्द स्वतःच पुरेसा वजनदार आहे.

‘जवान’ हा शब्द प्रेमाचा. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी दिलेल्या ‘जय जवान, जय किसान’ या घोषणेने तो घराघरांत पोहोचला. पण मूळ फारसीत त्याचा अर्थ ‘तरुण’ एवढाच आणि आज तो अग्निशमन दलापासून राखीव पोलिसांपर्यंत सर्वांना लागतो. भाषणात तो शोभतो. नोंदीत हुद्दा हवा. स्त्रियांच्या बाबतीत तर ‘जवान’ हा शब्द अडचणीचाच होतो. १९९२ पासून स्त्रिया वैद्यकीय शाखांबाहेरही भूदलात अधिकारी म्हणून दाखल होत आहेत. सैनिकी परिचर्या सेवेतली परिचारिका ही आयुक्त अधिकारी असते. तिच्या नावामागे लेफ्टनंट किंवा मेजर हा हुद्दा असतो. आपल्या एखाद्या माजी विद्यार्थिनीचा परिचय ‘मिलिटरी हॉस्पिटलमध्ये नर्स’ असा दिला तर तिच्या खांद्यावरचे तारे आपण नकळत उतरविलेले असतात.

एकाच शब्दाचे निरनिराळ्या दलांत निरनिराळे वजन असते, याचेही भान असावे. भूदलातला कॅप्टन हा तरुण अधिकारी असतो. नौदलातला कॅप्टन हा भूदलातल्या कर्नलच्या बरोबरीचा असतो. आणि मालवाहू जहाजाचा कॅप्टन हा सैन्यदलात नसतोच. वायुदलातला वॉरंट ऑफिसर नावात ‘ऑफिसर’ असूनही आयुक्त अधिकारी नसतो. तो जेसीओच्या श्रेणीतला असतो. निवृत्तीच्या सुमारास काही सुभेदारांना व सुभेदार मेजरांना लेफ्टनंट किंवा कॅप्टन हा मानद हुद्दा दिला जातो. तो लिहावा, अवश्य लिहावा, पण ‘मानद कॅप्टन’ असा लिहावा. ‘मानद’ या शब्दाने त्याची किंमत घटत नाही; दीर्घ आणि निष्कलंक सेवेची ती पावती असते.

भारतीय संविधानाने या हुद्द्यांना एक विशेष स्थान दिले आहे. अनुच्छेद १८ अन्वये राज्याला कोणालाही किताब देता येत नाही. रायबहादूर, रावसाहेब हे सारे त्यामुळे इतिहासजमा झाले. अपवाद फक्त दोन : विद्याविषयक आणि सैन्यविषयक. जन्माने किंवा मर्जीने मिळणाऱ्या उपाध्या नाकारणाऱ्या संविधानाने अभ्यासाने मिळविलेली पदवी आणि सेवेने मिळविलेला हुद्दा एवढेच नावाशी जोडू दिले. ज्यांच्या पूर्वजांच्या नावापुढे शतकानुशतके केवळ हीनतेचे शब्द जोडले गेले, त्यांनी या दोन मानचिन्हांची अचूकता जपणे औचित्याचेच आहे.

सेवेत, सेवामुक्त आणि माजी

माणूस आज सेवेत आहे की सेवा पूर्ण करून परतला आहे, हा भेद फार जुना आहे. विनयपिटकातील महावग्गात राजाच्या सेवेत असलेल्या सैनिकाला, म्हणजे ‘राजभटा’ला, प्रव्रज्या देऊ नये असा नियम आहे. मगधाचे योद्धे सेवा सोडून भिक्खू होऊ लागले तेव्हा बिंबिसार राजाच्या विनंतीवरून तो घालून दिला गेला. सेवेत असलेल्यावर राज्याचे बंधन आहे आणि सेवेबाहेरच्यावर ते नाही, हे त्या नियमाने मान्य केले होते.

आजच्या व्यवहारातही या भेदाला परिणाम आहेत. ‘माजी सैनिक’ हा नुसता वर्णनात्मक शब्द नाही; ती शासनाने व्याख्या केलेली संज्ञा आहे. स्थूलमानाने सांगायचे तर भूदल, नौदल किंवा वायुदलात कोणत्याही हुद्द्यावर सेवा करून निवृत्तिवेतनासह बाहेर पडलेला, सेवेमुळे उद्भवलेल्या वैद्यकीय कारणाने सेवामुक्त झालेला, किंवा ठरावीक मुदतीची सेवा पूर्ण करून उपदानासह मुक्त झालेला माणूस या व्याख्येत बसतो. गैरवर्तनामुळे बडतर्फ झालेला त्यात येत नाही. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतून निवृत्त झालेले जवानही त्यात येत नाहीत. त्यांच्यासाठी ‘माजी केंद्रीय सशस्त्र पोलीस दल कर्मचारी’ ही निराळी ओळख २०१२ मध्ये ठरविण्यात आली. पाल्याच्या अर्जात ‘माजी सैनिकाचा पाल्य’ या चौकटीत खूण करण्यापूर्वी पालकांनी हा भेद पाहून घ्यावा. खोटेपणाचा हेतू नसतानाही चुकीच्या खुणेमुळे अर्ज बाद होतो आणि मुलाचे वर्ष पणाला लागते. शंका असल्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावे. डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचा आदेश सोबत न्यावा.

२०२२ पासून सुरू झालेल्या अग्निपथ योजनेने या शब्दसंग्रहात ‘अग्निवीर’ या नव्या शब्दाची भर घातली. अग्निवीराची सेवा चार वर्षांची. त्यांपैकी कमाल पंचवीस टक्के पुढे नियमित सेवेत घेतले जातात. उरलेल्यांना योजनेच्या अटींनुसार निवृत्तिवेतन नाही आणि ‘माजी सैनिक’ हा दर्जाही नाही. सेवेत असताना अग्निवीर हा सैनिकच असतो; तोच गणवेश, तोच धोका. पण परतल्यानंतर त्याच्यासाठी ‘माजी अग्निवीर’ हाच शब्द लिहावा लागेल. या धोरणाविषयी प्रत्येकाचे मत काहीही असो, आपल्या शाळेतून भरतीला जाणाऱ्या मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना हा भेद सही करण्यापूर्वी ठाऊक असला पाहिजे.

निवृत्त अधिकाऱ्याचे नाव लिहिण्याचाही एक संकेत आहे. ‘निवृत्त कर्नल अमुक’ असे न लिहिता ‘कर्नल अमुक (निवृत्त)’ असे लिहावे. सैन्यात असे मानले जाते की माणूस निवृत्त होतो, हुद्दा निवृत्त होत नाही. हाच मान हवालदारालाही द्यावा.

शहीद, हुतात्मा, वीरमरण

सर्वांत हळवा प्रश्न मृत्यूच्या शब्दाचा. गावात तिरंग्यात लपेटलेले पार्थिव येते तेव्हा फलकावर ‘शहीद’ किंवा ‘हुतात्मा’ हा शब्द आपोआप उमटतो. त्यामागची भावना निर्मळ असते. तरीही या शब्दांचा अर्थ पाहावा. ‘शहीद’ हा अरबी शब्द. त्याचा मूळ अर्थ ‘साक्षीदार’, आणि श्रद्धेसाठी प्राण देणारा असा अर्थ त्याला पुढे मिळाला. ‘हुतात्मा’ म्हणजे ध्येयासाठी स्वतःची आहुती देणारा. मुंबईचा हुतात्मा चौक आहे तो संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात गोळीबारात पडलेल्या सामान्य नागरिकांचा. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी प्राण गमावलेल्यांना आपण शहीद म्हणतो तेही याच अर्थाने : त्यांनी शस्त्र घेतले नव्हते, ते एका न्याय्य मागणीसाठी गेले.

सैन्यदलांच्या अधिकृत परिभाषेत ‘शहीद’ ही संज्ञा नाही. संरक्षण आणि गृह या दोन्ही मंत्रालयांनी २०१७ मध्ये केंद्रीय माहिती आयोगासमोर हे स्पष्ट केले. २०२२ मध्ये भूदलाच्या मुख्यालयानेही हा शब्द टाळून ‘कारवाईत प्राणार्पण’, ‘सर्वोच्च बलिदान’ अशा अर्थाचे शब्द वापरण्याची सूचना केली. मराठीत आपल्याजवळ ‘वीरमरण’ हा सुंदर शब्द आहेच. ‘अमुक तारखेस, अमुक ठिकाणी, शत्रूशी लढताना वीरमरण’ हे वाक्य ‘शहीद’ या एका शब्दापेक्षा किती तरी अधिक सांगते.

प्रत्येक सैनिकाचा मृत्यू रणांगणावर होत नाही. कोणी हिमस्खलनात जातो, कोणी वाहन दरीत कोसळून, कोणी आजाराने. सैन्याच्या कागदपत्रांत शत्रूच्या किंवा दहशतवाद्यांच्या कारवाईशी निगडित मृत्यू आणि इतर कारणांनी झालेला मृत्यू यांची नोंद वेगवेगळी होते, आणि कुटुंबाला मिळणारे निवृत्तिवेतन त्या नोंदीवर ठरते. सर्वसाधारण, विशेष आणि उदारीकृत असे कुटुंब निवृत्तिवेतनाचे निरनिराळे प्रकार आहेत व त्यांच्या रकमांत मोठे अंतर आहे. चौकात लागलेल्या फलकामुळे कुटुंबाचा हक्क ठरत नाही. तो पलटणीच्या अहवालावरून ठरतो. म्हणून अंत्यसंस्कारानंतर नेते निघून गेले की कोणा जाणत्या माणसाने त्या घरी बसून तो कागद वाचावा, मृत्यूचे कारण काय लिहिले आहे ते समजून घ्यावे आणि ते वस्तुस्थितीला धरून नसेल तर मुदतीत दाद मागण्यास मदत करावी. त्या घराला घोषणेपेक्षा याची गरज अधिक असते.

मागे राहिलेली माणसे

कारवाईत पती गमावलेल्या स्त्रीला सैन्य ‘वीरनारी’ म्हणते. महाराष्ट्रात ‘वीरपत्नी’, ‘वीरमाता’, ‘वीरपिता’ हे शब्दही रूढ आहेत. निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी वारलेल्या माजी सैनिकाच्या पत्नीसाठी हे शब्द नसतात. तिची नोंद ‘माजी सैनिकाची विधवा पत्नी’ अशी होते. तिचेही हक्क आहेत, पण ते निराळे आहेत. समारंभात दोघींचा सन्मान करावा. अर्जात दोघींना एकाच शब्दात बसवू नये. आणि व्यासपीठावर कोणालाही बोलावताना तिचे स्वतःचे नाव आधी घ्यावे, नाते नंतर सांगावे.

युद्धात किंवा कारवाईत अवयव गमावलेल्या सैनिकाविषयी लिहिताना ‘बिचारा’, ‘पंगू’ असे शब्द तर नकोतच. पण नुसते ‘दिव्यांग’ म्हणूनही थांबू नये. ‘अमुक साली कारवाईत जखमी होऊन अपंगत्व आलेले’ असे लिहिले की जखमेला तिचे कारण मिळते.

नोंद कशी करावी?

आपल्या विद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांत आणि पालकांत अशी अनेक घरे आहेत, जिथल्या लोखंडी पेटीत जुने डिस्चार्ज बुक, पदके आणि गणवेशातला एखादा कृष्णधवल फोटो जपून ठेवलेला आहे. त्या कागदांवरून पुढील गोष्टी एका पानावर उतरवून काढाव्यात : पूर्ण नाव, कागदावर आहे तसे; सैनिक क्रमांक; दल; पलटण किंवा शाखा; शेवटचा हुद्दा, मानद असल्यास तसा उल्लेख; भरतीची आणि सेवामुक्तीची तारीख; सेवामुक्तीचे कारण; ज्या युद्धांत किंवा मोहिमांत भाग घेतला त्यांची नावे; मिळालेली पदके. सैनिक क्रमांक घरच्या प्रतीतच ठेवावा, छापू नये. छापावयाची नोंद मग इतकी सोपी होते : ‘हवालदार अमुक (निवृत्त), महार रेजिमेंट, भारतीय भूदल, सेवाकाल १९६३ ते १९८१, १९६५ व १९७१ च्या युद्धांत सहभाग.’ यात एकही विशेषण नाही, तरी वाचणाऱ्याची मान आदराने लवते.

जे कागदावर सापडत नाही ते अंदाजाने भरू नये. आजोबा नाईक होते की हवालदार, हे ठाऊक नसेल तर मोठा हुद्दा लिहिण्यापेक्षा ‘भारतीय भूदलात सेवा’ एवढेच लिहावे. धम्माने सांगितलेल्या सम्यक वाचेत मृषावाद वर्ज्य आहे आणि आपल्या माणसाचे कौतुक करतानाही तो वर्ज्यच आहे. शिवाय एकदा छापलेली वाढीव नोंद पुढे उघडी पडली की तिच्या शेजारच्या खऱ्या नोंदींवरही संशय येतो.

वलंगकरांच्या आणि कांबळे यांच्या पिढीला आपली सेवा सिद्ध करण्यासाठी सरकारी दप्तराकडे बोट दाखवावे लागले, कारण घराघरांत लिहून ठेवण्याची सोय नव्हती. आज ती सोय प्रत्येक घरात आहे. १९६२, १९६५ आणि १९७१ ची युद्धे पाहिलेली पिढी आता झपाट्याने विरळ होत आहे; पलटण कोणती, खंदक कुठे होता, शेजारी कोण पडले, हे सांगणारे आवाज काही वर्षांनी उरणार नाहीत. दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुटीत मुले घरी येतील तेव्हा त्यांनी आजोबांजवळ वही घेऊन बसावे, पहिला प्रश्न पलटणीचा विचारावा आणि आजोबा जो शब्द सांगतील तोच लिहावा.